सूर्यावरचा भडका अतिनील प्रकाशात: आपण झोपेत असताना 'आदित्य'नं काय टिपलं?

जिंतूरचे_सर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जिंतूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या रविवारी अकरावीची चौदा पोरं-पोरी गच्चीवर जमवली, ६० मिलिमीटरची लहान दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि मागे पांढरा पुठ्ठा धरून त्यावर ताटलीएवढा सूर्य पाडला. दुर्बिणीला कुणीही डोळा लावायचा नाही, हे आधीच बजावलं होतं, आणि वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं झाकण चिकटपट्टीनं बंद केलं होतं. डाग स्वच्छ दिसले. एक पोरगी पुठ्ठ्याजवळून हलेना. म्हणाली, "सर, भडका या डागांपाशीच होतो म्हणता ना? मग दिवसभर इथंच उभं राहिलं तर दिसंल का?"

मी म्हणालो, बहुतेक नाही. ती म्हणाली, का नाही?

तिला तिथं मी अर्धवटच उत्तर दिलं. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हा धागा. चुकलं तर सांगा.

आपल्या डोळ्यांना दिसणारा सूर्य म्हणजे त्याचा दीप्तिगोल, साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा. सूर्याचा बहुतेक उजेड तिथूनच येतो. त्याच्यावर वर्णगोल असतो आणि त्याच्याही वर दहा लाख अंशांहून तापलेलं, पण अतिशय विरळ किरीट. ज्याला आपण सौरज्वाला म्हणतो, तिची सुरुवात वर किरीटात होते. डागांच्या आसपास पिळवटलेली चुंबकीय क्षेत्रं एकाएकी तुटून नव्यानं जोडली जातात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा अफाट असते, पण दीप्तिगोलाचा उजेड इतका प्रखर की दृश्य प्रकाशात ती त्यात बुडून जाते. भर दुपारी अंगणात काडेपेटीची काडी ओढली तर जाळ कुठं दिसतो?

तरीही माणसानं पहिला भडका पाहिला तो दृश्य प्रकाशातच. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आमच्यासारखीच पडद्यावर प्रतिमा पाडून डागांचं चित्र काढत होते. डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन झगझगीत पांढरे ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत विझले. रिचर्ड हॉजसन यांनाही ते वेगळ्या ठिकाणाहून दिसले. म्हणजे पोरीचा प्रश्न खुळा नव्हता, पण असा योग फार विरळा.

अतिनील प्रकाशात मात्र चित्र पालटतं. तिथं दीप्तिगोल मंद पडतो, तापलेले वरचे थर उजळून दिसतात आणि भडका अंधारातल्या चुलीसारखा उठून दिसतो. अडचण एवढीच की हा प्रकाश आपल्या गच्चीवर पोचत नाही. साधारण ३०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचं जवळपास सगळं ओझोन आणि ऑक्सिजन वरच्या वर गिळून टाकतात. आपली कातडी शाबूत आहे ती त्यामुळंच. म्हणून डोळा हवेच्या वर न्यावा लागतो.

---

रब्बी_ज्वारी

सर, लई चांगला धागा. मी सेलूकडचा, शेती करतो, शिक्षण बारावीपर्यंत. एक गोष्ट सांगू का? 'ज्वाला' म्हणलं की माझ्या डोळ्यापुढं चुलीतला जाळ येतो, जळत राहणारा. तुम्ही 'भडका' लिहिलं ते पटलं. एकदम पेटायचं आन् पसरायचं. पण मग तिथं जळतंय काय? लाकूड नाही, रॉकेल नाही.

---

जिंतूरचे_सर

काहीच जळत नाही, भाऊ. जळायला ऑक्सिजनशी संयोग व्हावा लागतो, तसं तिथं काही नाही. रबर पीळ देऊन ताणलं आणि तुटलं की सटकन चटका बसतो ना, साठलेली ऊर्जा तशी सुटते. इथं रबराच्या जागी चुंबकीय क्षेत्र आहे. 'भडका' शब्द मलाही जास्त जवळचा वाटतो. 'सौरज्वाला' म्हणलं की पोरं सूर्याच्या कडेला कमानीसारख्या लोंबणाऱ्या तेजःशृंगांशी गल्लत करतात. ती शृंगं दिवसच्या दिवस टिकतात. भडका काही मिनिटांचा, फार तर काही तासांचा.

---

नांदेडची_लेक

सर, धागा वाचून गहिवरून आलं. मी मूळची नांदेडची, सध्या पुण्यात सूर्याच्या चित्रांवरच काम करते. तुमच्या लिखाणात थोडी भर घालते.

२ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्यावरून सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं यान 'आदित्य एल-१' सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ ला एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावलं. हा बिंदू पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला आहे. अंतर मोठं वाटतं, पण सूर्याच्या वाटेवर हा जेमतेम एक टक्का. तिथं जायचं कारण जवळीक नव्हे. तिथं रात्र नसते, ग्रहण नसतं, चोवीस तास सूर्य समोर असतो.

त्यावरची अतिनील दुर्बीण, म्हणजे 'सूट', पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत इस्रोच्या आणि इतर संस्थांच्या साथीनं घडली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ११ गाळण्यांमधून सूर्याची पूर्ण चकती टिपते. प्रत्येक गाळणी सूर्याच्या वातावरणाचा वेगळा मजला दाखवते. मॅग्नेशियमची २८० नॅनोमीटरजवळची जोडरेषा वर्णगोल दाखवते, ३९७ जवळची कॅल्शियमची रेषाही वर्णगोलाचीच, आणि रुंद गाळण्या खाली दीप्तिगोलाकडे नेतात. एका चित्रबिंदूत सूर्यावरचं साधारण ५०० किलोमीटर मावतं.

आता भडक्याची गोष्ट. २१-२२ फेब्रुवारी २०२४ ला डागांच्या एकाच सक्रिय प्रदेशातून चोवीस तासांत तीन एक्स वर्गाचे भडके उडाले. तिसरा एक्स ६.३ चा होता आणि त्याची कमाल जागतिक वेळेनुसार २२ तारखेच्या रात्री १०:३४ ला झाली. आपल्याकडं तेव्हा २३ तारखेच्या पहाटेचे चार वाजून चार मिनिटं झाली होती. सूर्य आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडं. 'सूट'नं तो टिपला. भडक्याचा गाभा खालच्या थरांमध्ये, दीप्तिगोलात आणि वर्णगोलात, नेमका कुठं उजळला ते या पट्ट्यात इतक्या बारकाईनं आधी दिसलं नव्हतं. आणि खाली जिथं उजळलं, त्याच्या बरोबर वर किरीटातला वायू तापला होता, असं ताडून पाहता आलं.

वर्ग म्हणजे काय, कुणी विचारण्याआधीच सांगते. ए, बी, सी, एम, एक्स अशी चढती अक्षरं, प्रत्येक अक्षर मागच्याच्या दहापट. हे माप मात्र क्ष-किरणांवरून काढतात, अतिनीलवरून नाही.

---

रब्बी_ज्वारी

ताई, तारीख वाचून अंगावर काटा आला. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्याकडं रातची लाईट होती. पाऊस कमी झालेला, विहिरीत पाणी जेमतेम, म्हणून जेवढी थ्री फेज मिळंल तेवढ्यात गव्हाला पाणी द्यायचं. त्या आठवड्यात मी रोज पहाटे रानात होतो. माघी पुनव दीड दिवसावर आलेली, चंद्र मावळतीला कललेला, टॉर्च लावायची गरज नव्हती. एक बारं मोडायचं, दुसरं धरायचं, असं चालू होतं. आन् त्याच टायमाला तिकडं एवढं घडायलं होतं!

एक विचारतो, हसू नका. चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच ना? मग भडका उडाला तेव्हा चांदणं वाढलं असंल का?

---

नांदेडची_लेक

भाऊ, हा प्रश्न माझ्या डोक्यात आजवर आला नव्हता. हसण्यासारखं यात काही नाही.

तत्त्वतः हो, वाढलं. पण किती ते बघा. २८ ऑक्टोबर २००३ ला एक्स १७ वर्गाचा भडका उडाला होता, तुमच्या त्या रातच्यापेक्षा कितीतरी मोठा. तेव्हा सूर्याच्या एकूण तेजात झालेली वाढ उपग्रहावरच्या उपकरणानं मोजली. ती सुमारे ०.०३ टक्के भरली. त्या रात्रीची वाढ यापेक्षाही कमीच असणार. डोळ्याला ती कळणं शक्य नाही. चंद्रावरून फिरून यायला उजेडाला अडीचेक सेकंद जास्त लागतात, म्हणजे तुमच्या गव्हावर पडलेल्या चांदण्यात तो भडका होता, फक्त कणभर.

सरांच्या विद्यार्थिनीलाही हेच उत्तर सांगता येईल. सगळा उजेड एकत्र मोजला तर भडका हरवतो. नेमकी तरंगलांबी निवडली तर त्याच जागेचं तेज कितीतरी पटींनी वाढलेलं दिसतं.

---

लघुलहरी

लातूरहून. मी हौशी रेडिओ चालवतो, परवानाधारक आहे. त्याच दिवशीचा दुसरा भडका, एक्स १.७ चा, मला वेगळ्या वाटेनं कळला. त्याची कमाल आपल्या घड्याळात दुपारी १२ वाजून २ मिनिटांनी, म्हणजे सूर्य डोक्यावर. मी १४ मेगाहर्ट्झवर एका ओळखीच्या माणसाशी बोलत होतो. त्याचा आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा झाला आणि मग गेलाच. मला वाटलं अँटेनाची वायर माकडांनी ओढली. छतावर जाऊन आलो, वायर जागेवर होती. अर्ध्या-पाऊण तासानं बँड हळूहळू परत आला.

भडक्यातले क्ष-किरण आठ मिनिटांत इथं पोचतात आणि आयनांबराचा, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सगळ्यात खालचा थर दाट करतात. एरवी लघुलहरी वरच्या थरावरून परततात, पण वाटेतला हा खालचा थर त्यांना शोषून घेतो. हे फक्त पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला होतं. म्हणून त्या पहाटेच्या पावणेचार पट मोठ्या भडक्यानं माझ्या रेडिओवर काहीच फरक पडला नाही. रात्र होती.

---

मोजणी_दादा

धाराशिव. मी खाजगी मोजणीची कामं करतो, रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, घेऊन बांधाबांधानं फिरतो. ११ मे २०२४ ला सकाळी रोव्हर पक्की जागा पकडेनाच. दोन भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद, आणि माझं यंत्र दर वेळेस वेगळा आकडा दाखवायलंय. शेवटी काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. नंतर बातम्यांत सौर वादळाचं वाचलं. ते भडक्यामुळंच ना?

---

नांदेडची_लेक

दादा, इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण बातम्यांत त्यांचा नेहमी काला होतो.

भडका म्हणजे प्रकाश. तो सव्वाआठ मिनिटांत पोचतो. त्याच्यासोबत कधीकधी किरीटातला वायू, चुंबकीय क्षेत्रासकट, बाहेर फेकला जातो. त्याला इथं यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर तो आदळला की वादळ होतं. १०-११ मे २०२४ चं वादळ हे असं होतं, एकामागून एक निघालेल्या अनेक फेकांचं. लडाखमधल्या हानले इथं तेव्हा आकाश लाल दिसलं. अमेरिकेत उपग्रहांच्या भरवशावर सरळ रेषेत पेरणी करणारे ट्रॅक्टर थांबले. तुमच्या रोव्हरवर त्याचा परिणाम झाला असणं अगदी शक्य आहे. पण एका यंत्राच्या एका सकाळवरून ठाम सांगणं मला धाडसाचं वाटतं.

उलट २२ फेब्रुवारीचा तो एक्स ६.३ बघा. एवढा मोठा, पण त्यातून म्हणण्यासारखं काही बाहेर फेकलं गेलं नाही. तसाच जागच्या जागी राहिला. कोणता भडका फेक घेऊन येतो आणि कोणता नाही, हाच आमच्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न. त्यासाठी मुळाशी, खालच्या थरात, काय होतं ते बघावं लागतं, आणि तिथं अतिनील प्रकाश कामाला येतो.

(तुमच्यासाठी अजून एक. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशांवर आयनांबरात बुडबुडे उठतात आणि उपग्रहांचे संदेश थरथरतात. त्या दिवसांत मोजणी सकाळी उरकलेली बरी.)

---

मोजणी_दादा

सकाळी मोजणी. वहीत लिहून ठेवलं. धन्यवाद ताई.

---

परभणीची_आई

माझा मुलगा दहावीत आहे, त्याला हे सगळं वाचून दाखवलं. दोन शंका आहेत. एक, मे महिन्यातल्या त्या मोठ्या वादळाची 'सूट'ची चित्रं कुठं दिसली नाहीत, का? दुसरी, आमच्या गल्लीत सगळे म्हणतात की सूर्यावर भडके वाढलेत म्हणून मराठवाड्यात ऊन वाढलंय आणि पाऊस पळालाय. मुलाला काय सांगू?

---

नांदेडची_लेक

पहिल्याचं उत्तर देताना वाईट वाटतं. १०-११ मे ला 'सूट' तापवून घेण्याच्या प्रक्रियेत होतं आणि आदित्यवरचीच किरीट बघणारी 'व्हेल्क' ही दुर्बीण अंशांकनाच्या, म्हणजे मापं पडताळून घेण्याच्या, कामात. १४ मे ला झाकणं उघडली, तोपर्यंत वादळ सरलं होतं. वादळामागचा तो डागांचा प्रदेश सूर्याच्या कडेला गेल्यावर १४ तारखेला त्यातून एक्स ८.७ उडाला.

तापवायचं कशाला, तर अवकाशयानातल्या गोंदातून, रंगातून, तारांच्या वेष्टनातून सेंद्रिय वाफा सुटत राहतात. त्या थंड आरशावर किंवा संवेदकावर बसतात, आणि अतिनील किरण त्यांना तिथंच पक्कं चिकटवून टाकतात. दृश्य प्रकाशाला असला पातळ थर जाणवतही नाही, अतिनीलला तो पडद्यासारखा आडवा येतो. म्हणून अतिनील दुर्बीण जोडताना स्वच्छतेचा जो काटेकोरपणा पाळतात तो शस्त्रक्रियेच्या खोलीपेक्षा जास्त असतो, आणि वर गेल्यावरही अधूनमधून ऊब देऊन वाफा उडवाव्या लागतात.

---

जिंतूरचे_सर

दुसऱ्या शंकेचं मी सांगतो, ताई. मुलाला स्पष्ट सांगा की नाही. सूर्याचं एकूण तेज ११ वर्षांच्या चक्रात जेमतेम ०.१ टक्का खाली-वर होतं. आपलं वाढतं ऊन आणि लहरी पाऊस त्यातून निघत नाही. तापमान वाढतंय ते माणसानं हवेत सोडलेल्या वायूंनी, आणि एखाद्या वर्षीचा पाऊस ठरतो समुद्राच्या तापमानावर आणि वाऱ्यांवर. २०२३ ला एल निनो होता, त्या साली आपली खरीपं कशी गेली ते इथं सगळ्यांना माहीत आहे.

पण एक खरं आहे. २०० नॅनोमीटरजवळचा अतिनील प्रकाश याच चक्रात काही टक्क्यांनी बदलतो. हाच प्रकाश वर ओझोन तयारही करतो आणि मोडतोही. त्यामुळं तो नीट मोजत राहणं आपल्या वातावरणासाठी महत्त्वाचं आहे. 'सूट'चं तेही एक काम.

---

लघुलहरी

१८५९ चा विषय निघाला म्हणून. त्या भडक्यानंतर साडेसतरा तासांनी जे वादळ आलं, त्याची नोंद मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. जगात त्या वादळाच्या ज्या मोजक्या नोंदी टिकल्या, त्यांत कुलाब्याची फार मोलाची मानतात. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमाप १९०४ ला अलिबागला नेलं, ते आजही चालू आहे. पोरांना जरूर सांगा. हे शास्त्र परदेशातून आलेलं पाहुणं नाही.

---

जिंतूरचे_सर

मंडळी, आज पुन्हा पोरांना घेऊन बसलो होतो, ते सांगायचंय.

आदित्यची माहिती इस्रोनं जानेवारी २०२५ पासून 'प्रदान' या संकेतस्थळावर खुली करायला सुरुवात केली आहे, पण त्या फाइली उघडायला आमच्या संगणकावरची साधनं पुरली नाहीत. ते ताईंकडून शिकून घेईन. आज नासाच्या 'एसडीओ' यानाची चित्रं घेतली. ते २०१० पासून बहुतेक सगळा वेळ दर १२ सेकंदाला अतिनीलच्या अनेक पट्ट्यांत सूर्य टिपतंय, आणि सगळं फुकट आहे. २२ फेब्रुवारीचीच वेळ घेतली आणि तीन पट्ट्यांची चित्रं छापून फळ्यावर तीन रांगांत लावली. वरच्या रांगेत १६० नॅनोमीटर, म्हणजे खालचे थर. मधल्या रांगेत १३.१, जिथं एक कोटी अंशांचा वायू दिसतो. खाली १७.१, सहा-सात लाख अंशांचा.

मी काही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, कुठं आधी उजळतं ते शोधा.

पोरांनी पाऊण तास घातला. भडक्याच्या ऐन भरातली काही चित्रं नुसती पांढरीफटक, उभ्या रेघा ओघळलेल्या. संवेदक भरून वाहायला लागतो म्हणून तसं होतं, हे सांगावं लागलं. मग ज्या पोरीनं गच्चीवर प्रश्न विचारला होता तिनं खडू घेतला आणि पहिल्या रांगेतल्या एका चित्राला गोल केला. तिथं डागांजवळ बारीक पांढऱ्या चिरा उमटल्या होत्या, आणि त्याच वेळच्या मधल्या चित्रात कमान अजून पुरती उजळली नव्हती. खालच्या रांगेत कमानी नीट दिसायला आणखी बराच वेळ लागला.

"सर, भडका वर होतो म्हणालात. मग आधी खाली कसं काय उजळलं?"

मी इलेक्ट्रॉन सांगितले. वर क्षेत्र तुटतं-जुळतं, इलेक्ट्रॉन कमानीच्या दोन्ही पायांतून प्रचंड वेगानं खाली येतात, वर्णगोलातल्या दाट वायूवर आपटतात. वर थांबवायला काही नसतं, खाली असतं, म्हणून पहिला उजेड खाली. तो तापलेला वायू मग फुगून वर चढतो, कमानी भरतो, तेव्हा एक कोटी अंशांचं चित्र उजळतं. निवत निवत तोच वायू शेवटी तिसऱ्या रांगेत दिसतो. भाषेत सांगायला मला दहा मिनिटं लागली, तिच्या फळ्यावर ते आधीच मांडलेलं होतं.

---

रब्बी_ज्वारी

म्हणजे पाट वरून सोडला, तरी पहिलं भिजतं ते खालचं टोक? आमच्या रानात तसं कधी होत नाही.

---

नांदेडची_लेक

पाटातलं पाणी वाटेत मुरतं, भाऊ. किरीट इतका विरळ की वाटेत मुरायला जागाच नाही. सगळं टोकाला जाऊन आदळतं.

सर, त्या फळ्याचा फोटो पाठवाल का? आणि पुढच्या महिन्यात मी नांदेडला येतेय. जिंतूरला एक दिवस येऊन 'प्रदान'च्या फाइली कशा उघडायच्या ते पोरांना दाखवते. लॅपटॉप माझा आणते, तुम्ही फक्त लाईट कधी असते ते सांगा.

---

जिंतूरचे_सर

जरूर या. सकाळी दहा ते चार असते. फळा पुसायचा नाही असं शिपाईमामांना सांगून ठेवलंय.